राबणाऱ्याची नजर

इंग्लंडमध्ये खेड्याबाहेर कुणाला आठ-दहा घरं बांधायची असतील, गुरांची मोठी शेड घालायची असेल किंवा रानात सौर पॅनेलं मांडायची असतील, तर नियोजन खात्याकडं जाणाऱ्या अर्जाला बऱ्याचदा एक वेगळा अहवाल जोडावा लागतो. बांधकाम किती, पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठं जाणार, हे इतर कागदांत असतं. या अहवालात विचारलेलं असतं ते एवढंच: हे उभं राहिल्यावर इथल्या भूमीचं रूप किती बदलेल, आणि ते कुणाला, कुठून, किती दिसेल?

गेली बरीच वर्षं मी या कामात आहे, तेही बेळगावात बसून. तिकडची माणसं जागेवर जाऊन फोटो काढतात, वाटा चालून नोंदी करतात. उंचीचं गणित, नकाशे आणि न बांधलेली इमारत फोटोत बरोबर मापानं उभी करून दाखवणं, हे इकडं होतं. श्रॉपशरच्या टेकड्या आणि डेव्हनमधल्या झुडपांच्या कुंपणांनी आखलेल्या चिंचोळ्या वाटा मी कधी पाहिलेल्या नाहीत, पण कुठल्या वळणावरून कुठलं चर्च दिसतं हे मला सांगता येतं. आणि मार्कंडेय नदीकाठच्या आमच्या गावात, जिथं मी जन्मले, तिथं शिवाराच्या मधोमध कमान उभी राहते, मुरमाचे रस्ते पडतात, दगडी खुंट रोवले जातात आणि हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. हा प्रश्न आपल्याकडं विचारला गेला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मात्र तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तिच्यातली एक उतरंड आपल्याला उलटी करून घ्यावी लागेल.

आधी पद्धत सांगते, कारण ती सुंदर आहे आणि आपल्या लोकांपर्यंत फारशी आलेली नाही.

या कामाची तिकडं एक मार्गदर्शिका आहे. तिची तिसरी आवृत्ती २०१३ साली निघाली आणि अहवाल लिहिणारे बहुतेकजण तीच समोर ठेवतात. तिचा पहिला आग्रह असा की दोन गोष्टींची गल्लत करू नका. एक, भूमीवर होणारा परिणाम: बांध मोडला, ओढा वळवला, जुनं झाड गेलं, चढउतार सपाट केला. हे कुणाला दिसो वा न दिसो, भूमी बदललीच. दुसरा, दिसण्यावर होणारा परिणाम: माणसाच्या डोळ्यासमोर जे होतं ते आता कसं दिसेल. उसामागं दडलेल्या लेआउटचा, म्हणजे शेत मोडून पाडलेल्या घरांच्या प्लॉटांचा, दुसरा परिणाम आज शून्य असेल, पण बांध फोडून पाण्याची वाट मोडली असेल तर पहिला परिणाम मोठा आहे. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शेतकऱ्यांना हे सांगायची गरज नाही. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात भातात शिरतं, तेव्हा वरच्या बाजूला काय काय भरून घेतलंय हे त्यांना पाणीच सांगतं.

मग येतो नकाशा. जमिनीच्या उंचीची आकडेवारी घ्यायची, प्रस्तावित इमारतीची उंची द्यायची, माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड-पावणेदोन मीटरवर धरायचे आणि संगणकाला विचारायचं की आसपासच्या कुठल्या कुठल्या ठिकाणाहून हे दिसू शकतं. लहान घरांसाठी दोन-तीन किलोमीटरचा घेर पुरतो. दीडशे मीटरपेक्षा उंच पवनचक्की असेल तर स्कॉटलंडमधल्या मार्गदर्शनाप्रमाणं ४५ किलोमीटरपर्यंत पाहायचं. एवढ्या लांब पृथ्वीची गोलाईसुद्धा हिशेबात येते: दहा किलोमीटरवरची वस्तू साधारण पावणेआठ मीटरनं खाली जाते, आणि हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो म्हणून त्यातलं मीटरभर परत मिळतं. नकाशावर रंगवलेला भाग म्हणजे फक्त शक्यता. नंतर माणूस प्रत्यक्ष तिथं जातो, मध्ये झाडं-घरं आहेत का बघतो आणि त्यातून निवडक जागा ठरवतो. त्या जागांवरून तिवईवर कॅमेरा लावून फोटो घेतले जातात. तिकडं हिवाळ्यात झाडं निष्पर्ण होतात आणि आडोसा नाहीसा होतो, म्हणून हिवाळ्यातला फोटो महत्त्वाचा मानतात. नवी झाडं लावून आडोसा करू असं अर्जदार म्हणत असेल, तर काम संपल्या वर्षी कसं दिसेल आणि पंधरा वर्षांनी कसं दिसेल, अशी दोन्ही उत्तरं द्यावी लागतात.

या सगळ्यामागं एक जुना करार आहे. २००० साली फ्लॉरेन्समध्ये युरोपातल्या देशांनी भूदृश्याबद्दल एक करारनामा केला आणि त्यात भूदृश्याची व्याख्या करताना लोकांना ते कसं जाणवतं याला जागा दिली. निसर्गाचं आणि माणसाचं काम एकमेकांत मिसळून तयार झालेला, आणि लोकांना तसा जाणवणारा भूभाग. नामांकित धबधबे आणि राष्ट्रीय उद्यानंच नव्हे, तर रोजचा, साधा, कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत नसलेला भूभागही त्या करारात येतो. मला हा करार आवडतो तो याच कारणासाठी. गोकाकच्या धबधब्याची काळजी करणारे पुष्कळ भेटतील. कडोली ते अगसगे रस्त्यावरून दिसणाऱ्या शिवाराची काळजी कुणी करायची?

आता ती उतरंड.

दिसण्याचा परिणाम मोजताना पाहणाऱ्यांची वर्गवारी करतात. सर्वांत संवेदनशील कोण? घरात राहणारे लोक. देखाव्यासाठी पायवाटेनं फिरायला निघालेले लोक. वारसास्थळ पाहायला आलेले लोक. त्यांच्या खाली रस्त्यानं किंवा रेल्वेनं जाणारे प्रवासी. आणि सर्वांत खाली मैदानात खेळणारे, आणि आपल्या कामाच्या जागी असलेले लोक, कारण त्यांचं लक्ष कामाकडं असतं, आजूबाजूला नसतं.

कारखान्यात, गोदामात, कचेरीत हे बरोबर आहे. लेथवर हात चालत असताना खिडकीबाहेर कोण बघणार! पण हाच नियम शिवाराला लावला तर काय होतं? आमच्या गावच्या शिवारात सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत असणारी माणसं कामावर असतात. धूळवाफ पेरणीपासून मळणीपर्यंत जे त्या जागेकडं बघतात, ते सगळे कामगारच. देखाव्यासाठी पायवाटेनं फिरायला आलेला माणूस तिथं रविवारी सकाळी एखादा दिसतो, तोही शहरातून मोटारीनं आलेला. या उतरंडीप्रमाणं त्या एकाचं मत भारी आणि आयुष्यभर तिथं वाकलेल्या बाईचं मत हलकं. इंग्रज शेतकऱ्यावरही यात अन्याय होतो असं मला वाटतं, पण तिथं शेतात माणसं फार थोडी राहिलीत. आपल्याकडं या नियमानं सगळं गावच यादीच्या तळाला जाईल.

आणि शेतात काम करणाऱ्याचं लक्ष आजूबाजूला नसतं, हे तर खरंच नाही. भांगलण करताना मान खाली असते, पण डोळा पश्चिमेला असतो. आमच्या भागात पाऊस वैजनाथाच्या डोंगराकडून, महिपाळगडाकडून चालत येतो. ढग डोंगरावर टेकला, डोंगर निम्मा झाला, नाहीसा झाला, या प्रत्येक टप्प्याला बांधावर काही ना काही करायचं असतं. खुरपी गोळा करायची, खताचं पोतं झाकायचं, बैल सोडायचे, कापलेलं भात आवरायचं. डोंगराचा रंग बघून उद्याचं काम ठरतं. ज्याला देखावा म्हणतात त्याच्यावर इतका बारीक, इतका गरजेचा डोळा दुसऱ्या कुणाचा असतो?

माझी थोरली काकू अजून स्वतःच्या भातात उतरते. दोनेक वर्षांपूर्वी तिच्या शेताच्या पश्चिमेला एक तीन मजली इमारत आली. मी बांधावर उभी राहून तिकडं बघत होते, तर ती म्हणाली, "काय बघालीस गं? काय ऱ्हायलंय तिथं बघायला? आदी इथनं सगळा डोंगुर दिसायचा. ढग टेकला की आमी खुरपी गोळा करायचो. आता नेमका तेवढाच भाग झाकलाय. आभाळ बघायला बांधाच्या टोकापातूर जावं लागतंय."

कामाचा माणूस म्हणून मी ते मनातल्या मनात मोजलं. समजा, डोंगर आपल्यापेक्षा तीनशे मीटर उंच आहे आणि आठ किलोमीटर लांब आहे. म्हणजे दर शंभर मीटरला पावणेचार मीटर असा त्याचा चढ आपल्या डोळ्याला दिसतो. दोनशे मीटरवर दहा मीटर उंचीची इमारत आली, तर उभ्या माणसाच्या डोळ्यापासून तिचा चढ शंभराला सव्वाचार होतो. सव्वाचार हे पावणेचारहून जास्त. तीनशे मीटरचा डोंगर दहा मीटरच्या इमारतीमागं गडप. यात डोंगराचा दोष नाही, इमारतही काही गगनचुंबी नाही. ती फक्त जवळ आहे.

पण याच्याही पुढची गोष्ट काकू खाली बसली तेव्हा लक्षात आली. भांगलताना ती उकिडवी बसते. तिचे डोळे जमिनीपासून फार तर पाऊण-एक मीटरवर असतात. आमच्या सगळ्या नकाशांत डोळ्याची उंची दीड मीटर किंवा त्याहून जास्त धरलेली असते, म्हणजे उभा माणूस. आता वीस मीटरवर सहा फुटी कंपाउंडची भिंत धरा. उभ्या माणसाला त्या भिंतीवरून डोंगर दिसतो, कारण भिंतीचा चढ त्याच्यासाठी शंभराला दीड एवढाच आहे. बसलेल्या बाईसाठी तोच चढ शंभराला पाच होतो आणि डोंगर जातो. नकाशावर ज्या जागी लिहिलेलं असेल, 'डोंगराचं दर्शन अबाधित', त्याच जागी रोप लावणाऱ्या, भांगलणाऱ्या, भात कापणाऱ्या बायकांना डोंगर दिसत नसेल. आणि आपल्या शिवारात वाकून, बसून करायची बहुतेक कामं बायकाच करतात. तो दीड मीटरचा आकडा मी किती नकाशांत न बघता भरला असेन! इथून पुढं इकडच्या कामात मी दोन उंच्या धरणार आहे, उभ्याची आणि बसलेल्याची.

आमचा हा सीमाभाग रूपानं एकसारखा नाही. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडं जांभा दगड, दाट रान, कोसळणारा पाऊस. मलप्रभा तिथंच उगम पावते. पूर्वेकडं येता येता पाऊस झपाट्यानं कमी होतो. बेळगावच्या आसपास भाताचे खाचर आणि भातानंतर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. सुळगा-उचगाव-बेळगुंदीकडं लाल मातीत बटाटा आणि रताळी. आणखी पूर्वेला काळी जमीन, ज्वारी, मोकळं आकाश. उत्तरेला निपाणीकडं तंबाखू. इंग्लंडनं आपल्या देशाचे असे १५९ भूदृश्य-प्रदेश पाडून प्रत्येकाचं वर्णन लिहून ठेवलंय: इथली कुंपणं कशी, घरांचा दगड कुठला, क्षितिज जवळ की लांब. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी या तालुक्यांसाठी असं वर्णन लिहायला घेतलं, तर पहिली शंभर पानं गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलूनच भरतील. कुठल्या मळ्याला काय नाव आहे आणि ते का, कुठल्या पाणंदीनं पूर्वी गाड्या जायच्या, कुठल्या वडाखाली पंच बसायचे, याची नोंद एकाही सरकारी नकाशात नाही.

आणि ऊस. उसाबद्दल तिकडच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत काही सापडणार नाही, पण आपल्याकडं त्याच्याशिवाय हिशेबच होत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस वाढला की वर्षातले कित्येक महिने रस्त्यावरून फक्त हिरवी भिंत दिसते. मागं काय चाललंय, कळत नाही. कारखाने सुरू झाले, तोडणी झाली की एका आठवड्यात सगळं उघडं पडतं, आणि अचानक दिसतं की मागच्या मळ्यात चार एकरांत खुंट रोवलेत, विजेचे खांब आलेत. उसाच्या आडोशाला आडोसा म्हणून मोजायचं का? माझं मत, नाही. जो आडोसा दरवर्षी तोडला जातो, ज्याचा मालक उद्या भात करू शकतो, त्याच्या भरवशावर 'दिसणार नाही' असं लिहिता येत नाही. फोटो घ्यायचा तो ऊस गेल्यावर, उघड्या रानात. तिकडचा निष्पर्ण हिवाळा तो आपल्याकडचा माघ-फाल्गुन.

इकडं कायद्यात हा प्रश्न अजिबात नाही असं नाही. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत मोठ्या बांधकामांसाठी जो तक्ता आहे, त्यात सौंदर्याबद्दल एक भाग आहे, आणि तिथं स्पष्ट विचारलंय की या बांधकामामुळं एखादा देखावा, रम्य जागा किंवा भूदृश्य झाकलं जाईल काय. प्रश्न चांगला आहे. पण तो लागू होतो २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना. मी जे अर्ज पाहिले त्यांत त्याचं उत्तर एका ओळीत दिलेलं होतं, नकाशा नाही, फोटो नाही. पवनचक्क्या त्या अधिसूचनेच्या यादीतच नाहीत. सौंदत्तीच्या पठारावर त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्या कुठल्या गावांतून दिसतील असं विचारायला कायद्यानं कुणाला भाग पाडलेलं नव्हतं. पवनचक्की वाईट असं मी म्हणत नाही. ती हवीच आहे. कुठं उभी करायची एवढाच माझा प्रश्न.

आणि आमच्या गावातला लेआउट तर या सगळ्याच्या खालून निघून जातो. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. कर्नाटकाच्या १९६४ च्या महसूल कायद्याच्या ९५ व्या कलमाखाली शेतजमीन बिगरशेती होते आणि काम सुरू होतं. २०२० साली भूसुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली, त्यानंतर शहराच्या आसपास फार्महाउसं वाढली. प्रत्येक तुकडा लहान असतो. आज या सर्व्हे नंबरात, पुढच्या वर्षी शेजारच्या, मग पाणंदीपलीकडच्या. एकेकट्यानं पाहिलं तर कुठलाच मोठा नाही. म्हणूनच तिकडच्या मार्गदर्शिकेत एक अख्खं प्रकरण एकत्रित परिणामांवर आहे: आधी झालेलं, मंजूर झालेलं आणि मागणी केलेलं, हे सगळं मिळून या जागेचं काय होणार, ते सांगा. मला वाटतं बेळगावच्या शिवाराला सर्वांत जास्त गरज याच प्रकरणाची आहे. हलगा-मच्छे बायपासविरुद्ध शेतकरी इतकी वर्षं लढले ते तिबारपिकी जमिनीसाठी, आणि ते कारण पुरेसं आहे. तरीही तो रस्ता भरावावर उचलला की येळ्ळूरच्या शिवारातून शहराकडं आणि शहराच्या कडेवरून राजहंसगडाकडं काय दिसेल, हा एक कागद त्या लढ्याच्या फायलीत असायला हवा होता असं मला राहून राहून वाटतं. रस्ता होऊन गेल्यावर बाजूनं कमानी आणि दुकानं येतातच. त्याचाही हिशेब त्याच कागदावर मांडता आला असता.

हे वाचून कुणी म्हणेल, पोट भरलेल्यांच्या गोष्टी आहेत या. बटाट्याला दर नाही, मजूर मिळत नाही, पोराला नोकरी नाही, गुंठ्याला लाखांनी भाव येतोय. अशा माणसाला डोंगर दिसतो की नाही हे काय सांगायचं? हा प्रश्न मला माझ्या चुलतभावानं विचारलाय आणि त्यात तथ्य आहे. जमीन विकणाऱ्याला दोष द्यायचा माझा विचार नाही. पण हा अहवाल विक्री थांबवण्यासाठी नसतोच. इंग्लंडमध्येही बहुतेक अर्ज शेवटी मंजूर होतात, मात्र बदलून. छत दोन मीटरनं खाली येतं. शेडला चकचकीत पत्र्याऐवजी मातकट रंग येतो. घरं माथ्यावरून उताराच्या पायथ्याला सरकतात. जुनं कुंपण तसंच राहतं. आमच्या गावात त्या पाच एकरांत घरं व्हायचीच होती, तरी कंपाउंडची भिंत तीन फुटांवर थांबवून वर जाळी लावता आली असती. बांधावरचे आंबे आणि जांभळ ठेवता आले असते. रस्ता जुन्या गाडीवाटेवरूनच नेता आला असता. तीन मजली इमारत पूर्वेच्या कोपऱ्यात गेली असती तर काकूचा डोंगर राहिला असता. यातल्या एकाही गोष्टीनं मालकाचा फारसा तोटा झाला नसता. कुणी विचारलं नाही म्हणून त्यानंही विचार केला नाही.

आमच्याकडं आणखी एक गुंता आहे जो श्रॉपशरमध्ये नाही. आमच्या पश्चिमेचा डोंगर आमच्या राज्यात नाही. वैजनाथ आणि महिपाळगड चंदगड तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. पाहणारे बेळगाव तालुक्यात. १९५६ साली आखलेली रेघ डोंगर आणि त्याच्याकडं पाहणारा माणूस यांच्या मधून गेलीय. उद्या त्या उतारावर दगडाची खाण निघाली किंवा माथ्यावर मनोरे आले, तर अर्ज कोल्हापुरात जाईल आणि रोज ते बघणाऱ्या बेळगुंदी-उचगावच्या माणसाला त्याची नोटीसही येणार नाही. उलटंही खरं: इकडचं काही तिकडच्या गावांच्या डोळ्यात येईल, पण त्यांना विचारायला इकडून कुणी जाणार नाही. दृश्यमानतेचा नकाशा जिल्ह्याची हद्द मानत नाही. तो फक्त उंची मानतो. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण दोन जिल्हाधिकाऱ्यांनी आपापल्या अर्जांतले असे नकाशे एकमेकांना पाठवावेत, एवढं आजही करता येण्यासारखं आहे.

शिवाय आमच्या पंचायतीच्या फळ्यावर लागणारी नोटीस कन्नडमध्ये असते. काकूला ती वाचता येत नाही, तिच्या वयाच्या बहुतेकांना येत नाही. आम्ही मराठी कागदांसाठी पिढ्यान्‌पिढ्या अर्ज करतोय आणि करत राहू. पण आहे तो फोटो आणि होणारा फोटो शेजारी शेजारी लावले, तर ते तिलाही कळतात, पीडीओला, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यालाही, कळतात आणि तहसीलदारांनाही. फोटोत इमारत उभी केलेली पाहिली की पहिल्यांदाच गावातली माणसं बोट ठेवून बोलायला लागतात: ही भिंत नको, हे झाड कुठं गेलं, इथून आमची मिरवणूक जाते. इंग्लंडमध्ये अर्ज जाहीर झाल्यावर साधारण २१ दिवस कुणालाही लेखी म्हणणं मांडता येतं. आमच्याकडं ग्रामसभा आहे. तिथं बोलताना हातात काहीतरी हवं.

ते तयार करायला फार काही लागत नाही. जमिनीच्या उंचीची आकडेवारी फुकट मिळते. २००० सालच्या फेब्रुवारीत एका अंतराळयानानं रडारनं केलेली मोजणी साधारण तीस मीटरच्या चौकटीत उपलब्ध आहे, आणि इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहाची आहे. इंग्लंडमधल्या एक मीटरच्या लेझर-मोजणीच्या तुलनेत ती भरड आहे, तिच्यात झाडाचा शेंडा आणि जमीन यांची सरमिसळ होते, त्यामुळं ती फक्त कुठं जाऊन बघायचं हे ठरवण्यापुरती वापरायची. नकाशा काढायला क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. भूगोल शिकणाऱ्या कुठल्याही मुलामुलीला ते दोन दिवसांत येईल.

फोटोबद्दल मात्र काळजी घ्यायला हवी. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्ससारखा रुंद बघतो. त्यात जवळचं सगळं मावतं आणि लांबचा डोंगर आक्रसतो. राजहंसगडाचा फोटो काढून बघा. डोळ्याला भरलेला गड फोटोत टेकाडाएवढा दिसेल. अशा फोटोवर 'फारसा फरक पडत नाही' असं कुणीही सिद्ध करून दाखवेल. तिकडं म्हणूनच ५० मिलिमीटरची लेन्स धरतात. मोबाइलवर दुप्पट झूम केलं की साधारण तेवढं होतं. मग फोन आडवा धरून, एकाच जागी फिरत, एकमेकांवर थोडे चढणारे फोटो घ्यायचे. छापताना मोठ्या कागदावर छापायचे आणि हातभर अंतरावरून बघायचे. प्रत्येक जागी दोनदा: एकदा उभं राहून, एकदा बसून. खाली तारीख, वेळ, जागा आणि तिथं कोण काम करतं ते. हा शेवटचा रकाना तिकडच्या तक्त्यात नाही, पण माझ्या लेखी तो पहिला आहे.

आमच्या गावासाठी मी जागांची यादी काढायला घेतलीय. नदीवरचा पूल, शाळेमागची पाणंद, स्मशानाकडं वळणारा रस्ता, पंढरीला जाणारी दिंडी गावाबाहेर पडते ती वेस, आणि मळ्यांतली सात-आठ खाचरं, जिथं रोप लावणीला वीस-वीस बायका एका रांगेत असतात. खाचरं मी निवडलेली नाहीत, काकूनं आणि तिच्या जोडीच्या बायकांनी निवडलीत, आणि मला कधी सुचल्या नसत्या अशा दोन जागा त्यांनी सांगितल्यात: जेवायला बसतात तो बांध, आणि पाण्याची पाळी रात्री असते तेव्हा गावातले दिवे दिसतात तो मोटरशेडजवळचा कोपरा. नव्या कॉलनीच्या झगझगीत दिव्यांनी तिथला अंधार जातो, डोळे दिपून पायाजवळचा साप दिसेनासा होतो, असं त्यांचं म्हणणं आहे. उजेडाचा परिणाम तिकडं वेगळा मोजतात. आता इथंही त्याचा रकाना आलाय.

पहिला संच माघात घ्यायचा आहे, ऊस गेलेला असेल आणि मसूर अजून रानात असेल तेव्हा. दुसरा आषाढात, रोप लावणीच्या वेळी. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानीला साहित्य संमेलनं भरतात, हजार माणसं मंडपात येतात; तिथं पुस्तकांच्या दालनाशेजारी एक भिंत मागायचा विचार आहे. प्रत्येक गावानं आपापल्या शिवाराचे दहा-बारा फोटो आणि बायकांनी निवडलेल्या जागांचा एक नकाशा लावला, तर पुढच्या लेआउटचा अर्ज येईल तेव्हा आज काय आहे याचा तारखेसह पुरावा पंचायतीत असेल. कुणाला आपल्या गावचं करायचं असेल तर कळवा, तक्ता आणि नकाशा काढायची रीत मी मराठीत लिहून देते.